नकाशावरची रिकामी जमीन

माझे पणजोबा पुलावरचे मुकादम होते. अख्खं गाव त्यांना मुकादमच म्हणायचं. पणजीसुद्धा चिडली की "अहो मुकादम!" अशी हाक मारायची आणि मग घरातले बाकीचे हळूच अंगणात सटकायचे.

तेव्हा सरकार परक्यांचं होतं. समुद्रापलीकडून आलेल्या साहेबांनी नदीवर दगडी पूल बांधायला काढला होता. कमानी वर आल्या होत्या, चुना अजून ओला होता आणि खाली आधाराला लाकडी सांगाडे उभे होते. नेमका त्याच वेळी नदीला पूर आला. वाहून आलेले ओंडके सांगाड्यांत अडकले, त्यांच्यामागे पाणी तुंबायला लागलं. अजून थोडं तुंबलं असतं तर कमानींसकट सगळं गेलं असतं. मजूर काठावर पळाले आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मुकादमांनी कमरेला दोर बांधला, कुऱ्हाड घेतली, पाण्यात उतरले आणि एकेक ओंडका तोडून सोडत राहिले. पूल वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची गेली.

साहेब बेहद्द खूश झाला. त्यानं टेबलावर नकाशा पसरला, पट्टी ठेवून चार रेघा मारल्या आणि नदीकाठापासून टेकडीच्या माथ्यापर्यंतची जमीन मुकादमांना वंशपरंपरा बक्षीस दिली. "सगळी रिकामी आहे," साहेब म्हणाला. नकाशात ती रिकामीच होती.

जन्मभर दुसऱ्यांसाठी दगड रचणाऱ्या माणसाला स्वतःची टेकडी मिळाली. त्यांना आभाळ ठेंगणं झालं. भांडीकुंडी आणि अंथरुणं गाडीत घालून नवराबायको निघाले. टेकडीला वळसा घातला आणि पणजीनं बोट दाखवलं. "अहो, रिकाम्या जमिनीवर स्वयंपाक कोण करतंय?"

नदीच्या अंगाला धूर होता. जवळ गेले तर भट्टी. पलीकडे मातीच्या भिंतींची चार-पाच घरं, वाळत घातलेली मडकी, चिकणमातीची मोठी खाण आणि एक बांधलेली विहीर. विहिरीच्या काठाचे दगड दोर घासून घासून खोल चिरले होते. दगड इतका झिजायला किती पिढ्या लागतात, हे मुकादमांना कुणी सांगायची गरज नव्हती.

भट्टीपाशी एक म्हातारी कुंभारीण बसली होती. तिनं हातातलं मडकं खाली ठेवलं नाही.

"ही जमीन आमची आहे," मुकादमांनी सांगितलं.

"असं? कुणी दिली?"

"सरकारनं."

"आणि सरकारला कुणी दिली?"

मुकादमांनी सनद काढून पुढे धरली. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं मडकं खाली ठेवून मातीचे हात पदराला पुसले, कागद दोन बोटांत धरून चाचपला आणि परत दिला. "कागद चांगला जाड आहे," ती म्हणाली. "ओला होऊ देऊ नकोस."

मुकादम लाल झाले. शिपाई आणतो, घरं मोकळी करून घेतो, असं काहीबाही बोलायला लागले. पणजी मधे पडली. "शिपाई उद्या आणा. आधी पाण्याचं बघा, जीव जातोय." मग म्हातारीकडे वळून म्हणाली, "मावशी, विहिरीला हात लावू का?"

म्हातारी पहिल्यांदाच उठली. "विचारलंस ना, मग लाव."

शिपाई पुढे कधीच आले नाहीत. मुकादमांनी आठवडाभर फुरंगटून टेकडीच्या मधल्या टप्प्यावर घराचा पाया खणला. भिंती चढल्या. छपराची वेळ आली तेव्हा कौलं लागली आणि कौलं खालीच मिळत होती. म्हातारीचा मुलगा ती डोक्यावरून वर घेऊन आला. त्याला सगळे 'मुका कुंभार' म्हणायचे. मुका नव्हता; बोलायचा फार कमी. त्यानं कौलं रचायला मदत केली, जाताना वळला आणि म्हणाला, "भिंत सुंदर झालीय." महिन्याभरातलं त्याचं तेवढंच वाक्य. मुकादम रात्री जेवताना ते पणजीला दोनदा सांगून मोकळे झाले.

त्यानंतर कुणी बैठक घेतली नाही, काही लिहिलं नाही. वरचा उतार आणि झाडी मुकादमांची, खाण, भट्टी आणि काठ कुंभारांचा, विहीर दोघांची. कुरबुरी व्हायच्याच. मुकादमांची शेळी वाळत घातलेल्या मडक्यांवर नाचली, तेव्हा म्हातारीनं त्यांना जे सुनावलं ते आमच्या घरात अजून सांगतात. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पणजीचं पहिलं बाळंतपण त्याच म्हातारीनं केलं, तेही शेळीच्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी.

पुढे म्हातारी गेली. जुना साहेब मायदेशी परतला, नवा आला. नव्या साहेबाला रेल्वेसाठी विटा हव्या होत्या. विटांना चिकणमाती हवी आणि तशी माती आसपास एकाच ठिकाणी होती.

त्यानं मुकादमांना कचेरीत बोलावलं. बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मुकादम सावध झाले. साहेबाचं म्हणणं साधं होतं. कुंभार हे मुकादमांच्या मागून आले, त्यांनीच त्यांना ठेवून घेतलं, असा जबाब द्यायचा. म्हणजे मालक त्यांना काढू शकतो. विटांचा सगळा ठेका मुकादमांना मिळेल. "आणि ते तुमच्या आधीपासून तिथे असतील," साहेब सावकाश म्हणाला, "तर जमीन रिकामी नव्हती. मग सनदच चुकीची ठरते. विचार करून या."

मुकादम घरी आले. तीन मुलं पदरात, एक हात अधू. पुलाची कामं आता तरुणांना मिळत होती. ते टेकडीच्या वरच्या बांधाकडे गेले आणि धड असलेली भिंत उतरवून पुन्हा रचायला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. पणजीनं दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन वर गेली.

"भिंतीनं काय पाप केलंय?" तिनं विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. "खोटं बोललो तर पोरांचं कल्याण होतं," ते म्हणाले. "खरं बोललो तर आपणच बेघर होऊ."

पणजीनं खालच्या घरांकडे पाहिलं. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "नाही कशाला म्हणू? पण त्यांना उठवून आपण इथे राहिलो, तर त्या विहिरीचं पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही. मग अंगण कितीही मोठं असो. तुम्ही बघा बाई काय ते." आणि उरलेली भाकरी बांधून ती खाली उतरली.

जबाबाच्या दिवशी कचेरी भरली होती. मुका कुंभार आपली माणसं घेऊन मागच्या भिंतीला टेकून उभा होता. मुकादमांनी त्याला एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं.

"तुम्ही आलात तेव्हा जमिनीवर कुणी होतं?" साहेबानं विचारलं.

"होतं. भट्टी पेटलेली होती. लांबून धूर दिसला."

मुकादमांना वर्षानुवर्षं ओळखणारा कारकून घाईघाईनं पुढे वाकला. भला माणूस होता बिचारा. "मुकादम, नीट आठवा. लांबून ढगसुद्धा धुरासारखा दिसतो."

"ढगानं मडकी भाजलेली मी तरी पाहिली नाहीत, रावसाहेब."

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसला नाही. "याचा परिणाम तुम्हाला कळतोय?"

"कळतोय साहेब." मुकादम उभे राहिले. त्यांचा आवाज थरथरत होता, असं तिथे हजर असलेल्यांनी पुढे सांगितलं, आणि मला ते ऐकून मुकादम आणखीच आवडायला लागले. "सरकारनं मला जमीन दिली, त्याचे उपकार आहेत. पण त्यांची विहीर मी पाहिली आहे. मी दगडातला माणूस आहे. त्या विहिरीचे दगड माझ्या आजोबांच्याही आधी झिजायला लागलेत. तुम्ही स्वतः येऊन बघा. मी खोटं बोलेन, पण दगड खोटं बोलणार नाहीत."

साहेब खरोखरच बघायला आला. भर उन्हात विहिरीपाशी उभा राहिला, चिरांवरून बोट फिरवलं आणि निघून गेला. खाण वाचली, विटांची माती नदीच्या वरच्या अंगाला शोधली गेली. पण मुकादमांना धडा शिकवल्याशिवाय सरकार कसलं? माथ्यावरची झाडी आणि वरचा सगळा चांगला उतार काढून घेतला. हातात राहिला मधला खडकाळ पट्टा आणि घर. ठेका तर गेलाच. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं," असं मुकादमांच्या सख्ख्या भावानं चारचौघांत म्हणून घेतलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मुका कुंभार वर आला. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "कौलांची मोठी भट्टी बांधायची म्हणतोय. मला कमान रचता येत नाही."

"मला येते," मुकादम म्हणाले.

त्या खडकाळ पट्ट्यातलेच दगड काढून दोघांनी भट्टी बांधली. सपाट छत उष्णतेनं ढासळलं असतं, म्हणून मुकादमांनी ते पुलाच्या कमानीसारखं रचलं. पहिल्या खेपेला निम्मी कौलं तडकली, दुसऱ्या खेपेला चांगली उतरली. आठ बोटांचे मुकादम आणि न बोलणारा कुंभार, अशी जोडी बाजारात माल विकणार कशी? विकायला पणजी उभी राहिली. तिच्यापुढे घासाघीस करायला निघालेलं गिऱ्हाईक चार कौलं जास्तच घेऊन जायचं.

वर्षं गेली. परक्यांचं सरकार गेलं, आपलं आलं. रेल्वेच्या स्टेशनावर, शाळेवर, दवाखान्यावर याच भट्टीची कौलं चढली. मुकादमांच्या थोरल्या मुलानं मुक्या कुंभाराच्या मुलीशी लग्न ठरवलं, तेव्हा त्याच सख्ख्या भावानं येऊन विचारलं, "मातीत हात घालणाऱ्यांची मुलगी घरात आणणार?"

"माझे हात जन्मभर चुन्यात होते," मुकादम म्हणाले. "तुझे कशात होते?"

भाऊ लग्नाला आला नाही. बाकी सगळे आले. ती मुलगी म्हणजे माझी आजी. तिच्या वडिलांसारखी ती कमी बोलायची नाही, अजिबात नाही. सासूच्या तालमीत आणखीच तयार झाली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं सासऱ्यांना सांगितलं की भट्टीचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला हवं. मुकादमांनी ते पुन्हा बांधायला घेतलं आणि दोन्ही घरची माणसं दगड वाहायला आली.