हिरवं लेथ

प्रेमराजला जुनं मशीन दाखवायचं म्हणजे दलालाच्या अंगावर काटा यायचा. अमळनेरच्या एका तेलगिरणीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं टर्नर म्हणून, लेथवर लोखंड कातत काढलेला माणूस तो. चाळीसगावचं लेथ त्याने नुसत्या आवाजावरून नाकारलं. जळगावचं तर मोटरचा पट्टा चढवायच्या आधीच. शेवटी दलालाने हात जोडले आणि विचारलं, भाऊ, तुम्हाला लेथ घ्यायचंय की गावं बघायचीत?

दलालाने नेमकी नस पकडली होती. निवृत्तीनंतर पारोळ्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकायचं, हे प्रेमराजचं आणि त्याच्या बायकोचं, कोकिळाचं, ठरलेलं होतं. घ्यायच्या वस्तूंची यादी कोकिळाने लिहिली, कारण प्रेमराजचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. व्हाइस, ग्राइंडर, ड्रिल मशीन, व्हर्नियर, पान्यांचा संच आणि सगळ्यात खाली लेथ. मग आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि कोकिळा गेली. तेरावं उरकल्यावर प्रेमराज यादी घेऊन धुळ्याला व्हाइस आणायला निघाला. लोक म्हणाले, बरं झालं, सावरला. तो सावरला-बिवरला काही नव्हता. त्याला काही वाटतच नव्हतं. वस्तू आणायची, यादीत खोडायची, जेवायचं, झोपायचं. आता एकच नाव उरलं होतं, आणि ते खोडल्यावर सकाळी उठून काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून आठ महिने प्रत्येक लेथमध्ये खोट निघत होती.

जेवायचं म्हणजे तरी काय, तर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तो स्वतः थापायचा आणि ती तव्याला चिकटायची. तुकडे खरवडून खायचे. त्याने पीठ बदललं, मग गिरणी बदलली. भाकरी चिकटतच राहिली.

दलालाने शेवटचा म्हणून धुळ्याचा एक पत्ता दिला. तोताराम मिस्त्री वारले होते आणि त्यांची बायको यशोदाबाई लेथ विकत होती. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. सुरतच्या मुलाने फोनवर सांगून टाकलं होतं, की आज कोणी नेलं नाही तर दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो येईल.

यशोदाबाईंनी पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि प्रेमराज उंबऱ्यावरच थांबला. लेथ नखशिखांत हिरवंगार होतं. चाकांच्या मुठी शेंदरी केल्या होत्या. एवढ्याचं काही नव्हतं. पण ज्या लोखंडी पट्ट्यांवरून मशीनचा गाडा मागेपुढे सरकतो, ज्यावर टर्नर धुळीचा कणसुद्धा बसू देत नाही, तो सगळा बेडसुद्धा ऑइल पेंटने रंगवून काढला होता. गाडा जागच्या जागी चिकटून बसला होता. जुन्या मशीनला नवा रंग दिसला की खाली खोट झाकलीय असं गिऱ्हाईक समजतं आणि चहा न घेता उठतं. तिघेही तसेच उठले होते.

प्रेमराजला बरं वाटलं. आता खोट शोधायचीसुद्धा गरज नव्हती. तो चपलेत पाय घालणार, तेवढ्यात म्हातारीने विचारलं, की भाऊ, सगळे बघतात आणि काही न बोलता जातात, माझं काय चुकलं ते तरी कोणी सांगाल का? मग त्याने विचारलं, रंग कोणी दिला?

"मीच दिधा," यशोदाबाई म्हणाल्या. "पोयाले बैलसले रंग देतस ना, भाऊ? हाई बी त्यासनासंगे तीस वरीस राबनं. घरमाईन तसंच कसं धाडू?"

दोन दिवस त्या एकट्या खाली बसून ब्रश फिरवत होत्या, एक कोपरा म्हणून सोडला नव्हता.

प्रेमराजने चप्पल घातली नाही. त्याला ग्राइंडर आला तो दिवस आठवला. त्याने ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला होता आणि घरच्या वर्कशॉपचं पहिलं काम म्हणून कोकिळाचा बिडाचा तवा हातात घेतला होता. वीस वर्षांची काळी खरपूड त्यावर बसलेली. भाकरी सुटते ती त्याच थरामुळे, पण त्याला तो मळ वाटला होता. तिची वस्तू अशी कशी ठेवायची? त्याने तासभर घासून तो तवा आरशासारखा केला होता, आणि मग भाकरी चिकटते म्हणून पिठाला शिव्या घालत बसला होता. चौतीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस.

तो तिथेच दारात खाली बसला.

"मी बी असंच करं, अक्का," तो म्हणाला. "मनी बायको गयी. तिना तवा मी घासीसन चकचकीत करी टाका. आते भाकर चिटकस."

यशोदाबाई हसल्या नाहीत. "तेल लावा, तापाडा, रोज भाकर टाका," त्या म्हणाल्या. "काया व्हई जाई. पन रोज टाकनी पडी."

मग त्याने थिनर आणि चिंध्या मागवल्या. बेडवर काय पाप झालंय ते त्याने त्यांना समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. दोघं मिळून रंग पुसायला बसली. हिरव्याखालून लोखंड हळूहळू वर आलं. प्रेमराजने त्यावरून नख फिरवलं. खोट होती. काम पकडून फिरवणाऱ्या चकाजवळ, जिथे तोताराम मिस्त्रींनी जन्मभर काम केलं, तिथे बेड थोडा खाल्ला गेला होता. हे मशीन त्याने कालपर्यंत तडकाफडकी नाकारलं असतं. शेंदरी मुठींपाशी आल्यावर यशोदाबाईंनी चिंधी पुढे केली, तर त्याने ती बाजूला सारली. मुठी राहू द्या म्हणाला.

टेम्पो आला तेव्हा गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत होता. भंगारवाल्याने आत डोकावून दोर सोडायला घेतला.

"हाई भंगार नही शे," प्रेमराज म्हणाला. "चालतं मशीन शे. मी लई जासू."

आलेल्या टेम्पोला भाडं मिळाल्याशी मतलब. त्यानेच लेथ पारोळ्याला न्यायचं कबूल केलं. ते चढवेपर्यंत प्रेमराज ओट्यावर बसला. खिशातून यादी काढली, लेथच्या नावावर रेघ मारली. कागद संपला. आठ महिने त्याला ज्याची भीती होती ते झालं. खाली बोटभर जागा कोरी होती. तिथे त्याने आपल्या कुत्र्यामांजराच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं, तवा काळा करणे, रोज. ते अक्षर कोकिळाच्या अक्षराखाली फारच वाईट दिसत होतं, आणि ते बघता बघता त्याला रडू आलं, ती गेल्यापासून पहिल्यांदाच. यशोदाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.