भिंतीचा कान

स्कॉटलंडमधल्या त्या जुन्या किल्ल्यात आता गरम फरशीचं न्हाणीघर आणि काचेचं स्वयंपाकघर झालं होतं. गिलावा करणाऱ्या इशबेलकडे एकच काम उरलं होतं, वरच्या शेजघराच्या भिंतीतलं मुठीएवढं भोक बुजवायचं. पण चुना कालवूनही तिचा हात उचलवेना. आत काजळी नव्हती, म्हणजे धुराडं नव्हे. मग कशासाठी पाडलं असेल? एकदा बुजलं की कधीच कळणार नाही. तिने भोकाला कान लावला.

खालच्या स्वयंपाकघरातून तिच्या नवऱ्याचा, टॅमचा आवाज स्पष्ट आला. तो किल्ल्याच्या मालकीणबाईंना सांगत होता, "बायको माझी भारी चौकस. भोक बुजवायच्या आधी त्याची पत्रिका मांडेल."

"मांडली," इशबेल भोकाला तोंड लावून म्हणाली. "पूर्वी खाली बैठकीचं दालन होतं. सरदार इथे बसून पाहुण्यांचं बोलणं ऐकत असणार."

मालकीणबाई धापा टाकत वर आल्या. त्यांनीही कान लावला. खाली टॅम एकटाच गुणगुणत होता.

"बुजवू ना?" इशबेलने जड मनाने विचारलं.

"नको, राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त ही खोली आता सासूबाईंना नको. मीच घेते."