कोणत्या गलबतातून आलात?

त्या शनिवारी जेथ्रो सॅलो अंगणात पार्जिटरांच्या घोडीचा खूर मांडीवर घेऊन तासत होता. होबार्ट बंदराच्या वरच्या अंगाला वसलेल्या त्या खेड्यात कोणाचेही घोडे लंगडले की लोक जेथ्रोच्या कुंपणापाशी येत, बाहेरूनच हाक मारीत आणि बाहेरूनच परत जात. आज मात्र घोडीची मालकीण चहाला आली होती. तिच्या मुलाशी, लेनर्डशी, जेथ्रोच्या मुलीचे, टॅमसिनचे लग्न ठरले होते.

पार्जिटरबाईंनी सोबत लेनर्डला आणि दोन शेजारणींना आणले होते. जेथ्रो हात धुऊन आत आला, तेव्हा टॅमसिन चहा ओतत होती आणि पाहुण्या केक चाखत होत्या.

"छान झालाय हो," पार्जिटरबाई म्हणाल्या. "एवढी साखर परवडते वाटतं तुम्हाला?"

"विकतची आहे, बाई. चोरीची नाही," जेथ्रोची बायको कझाया म्हणाली. "घ्या अजून."

पार्जिटरबाईंनी बशी खाली ठेवली. "लग्नाचं सांगते. टॅमसिनचा हात धरून तिला वेदीपर्यंत लेनर्डचे मामा नेतील. सॅलोंनी गाडी हाकावी. देवळात यायची तसदी नको. बाहेर घोड्यांपाशी कोणीतरी लागतंच."

शेजारणींपैकी एक रुमालाआड हसली.

जेथ्रो शांतपणे म्हणाला, "गाडी दुसरा कोणी हाकील. माझ्या मुलीचा हात मी धरीन."

शिक्षा झालेल्या कैद्यांना गलबतांतून जिथे आणून सोडीत, त्या बेटावर एक रीत होती. कोण कोणत्या गलबतातून आला, हे कोणी कोणाला विचारीत नसे. अर्धे खेडे बेड्या घालून आलेल्यांचे किंवा त्यांच्या लेकराबाळांचे होते. न विचारण्याला लोक सभ्यता म्हणत. वस्तुतः ती भित्र्यांची आपसातली तडजोड होती, आणि तिचा लाभ ज्याच्याकडे जमीन व बग्गी असेल त्यालाच मिळे.

पार्जिटरबाईंनी ती रीत मोडली. "मग विचारतेच. कोणत्या गलबतातून आलात तुम्ही, सॅलो?"

शेजारणींचे पेले ओठांशीच थांबले.

"'मेरी थॉर्न'मधून," जेथ्रो म्हणाला. "मायदेशी सफकमध्ये मालकाची घोडी चोरली आणि जत्रेत विकायला नेली. पोटात अन्न नव्हतं, पण चोरी ती चोरीच. आधी फाशी सांगितली, मग जन्माचं काळं पाणी. इथे दगड फोडले, चाबूक खाल्ला. तुमची बग्गी आज ज्या रस्त्याने आली ना, तो आम्हीच बांधला. पुढे सरकारने माफी दिली."

"आता यांना विचारा," कझाया उसळली, "यांचे वडील कोणत्या—"

"कझाया." जेथ्रोने हात वर केला. "माझं मी सांगितलं. त्यांचं त्यांनी सांगावं, नाहीतर झाकावं."

पार्जिटरबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या टॅमसिनकडे वळल्या. "तूच ठरव, पोरी. बाप की नवरा?"

टॅमसिनने लेनर्डकडे पाहिले. तो पेल्यातल्या चहाकडे पाहत होता.

"तू काय म्हणतोस?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, टॅम. आईचं मन राखू या ना."

"एका दिवसाचा? उद्या आपल्या मुलाचं बारसं होईल, तेव्हाही बाबा बाहेर घोडेच धरतील. आणि मुलाला काय सांगायचं, तो म्हातारा कोण म्हणून?"

लेनर्ड चमच्याने चहा ढवळू लागला.

टॅमसिनने बोटातली अंगठी काढून त्याच्या बशीत ठेवली. "चहा संपवा आणि निघा."

जेथ्रो अंगणात गेला. घोडीचा एक खूर राहिला होता. तो त्याने तासून दिला. जनावराशी त्याचे वैर नव्हते. बग्गी दिसेनाशी झाल्यावर तो लेकीला म्हणाला, "माझ्यापायी संसार मोडू नकोस गं. धरीन मी घोडे. सवय आहे मला."

"तुम्हाला आहे, बाबा. मला करून घ्यायची नाही."

न्यायाधीशाने दिलेली शिक्षा भोगून संपते. शेजाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेला मुदत नसते, तिच्यावर अपील नसते, आणि ती गुन्हेगाराच्या मुलाबाळांनाही भोगावी लागते. ती देणारे मात्र दर रविवारी गुडघे टेकून आपल्या पापांची क्षमा मागतात.

दुसऱ्या दिवशी सॅलो कुटुंब देवळात गेले. सुटलेले कैदी दाराजवळच्या बाकांवर बसत. जेथ्रो तिकडेच वळला. टॅमसिनने त्याचा दंड धरला आणि मधल्या वाटेने त्याला सर्वांदेखत थेट पुढच्या बाकापर्यंत नेले. कझाया मागून ताठ मानेने आली.

बाकावरचे लोक एकेक करून उठले. झगे आवरीत पलीकडच्या बाकांवर गेले. धर्मोपदेशक पुस्तक उघडून थांबला होता. त्याने त्यांना थांबवले नाही.

जेथ्रो अंग चोरून बाकाच्या टोकाला बसला होता.

"बाबा, ऐसपैस बसा," टॅमसिन सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पुष्कळ जागा झाली आहे."