खाणीतला खोटा खून

अंधेरीतल्या एका स्टुडिओमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहदेव परब सिनेमासाठी रक्त बनवायचा. ग्लिसरीन, लाल रंग आणि काळसर छटा यायला थोडी कॉफी. व्हिलनला गोळी लागली की शर्ट फाटून रक्त उडायचं, ती त्याचीच करामत. आत कातड्याचा तुकडा, त्यावर चिमूटभर फटाक्याची दारू, वर रक्ताची रबरी पिशवी आणि बाहीतून तळहातापर्यंत आणलेली वायर. बटण दाबलं की फट्! ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली, तेव्हा वायरिंगची माहिती होती म्हणून त्याला हे काम मिळालं होतं.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये एके सकाळी चंदर सावंत शेडच्या दारात येऊन उभा राहिला. दोघं देवगडकडच्या एकाच गावचे, गिरणीतही एकाच खात्यातले. संपानंतर चंदर घाटकोपरच्या एका भाईची गाडी चालवायला लागला, तेव्हापासून सहदेव त्याला टाळत होता.

"बळवंताक मारूक सांगल्यानी माका," चंदर म्हणाला.

सहदेवने हातातलं भांडं खाली ठेवलं. बळवंत त्यांच्याच खात्यातला. भाईने भरबाजारात एका दुकानदाराला भोसकलं ते त्याने पाहिलं होतं. येत्या सोमवारी कोर्टात तो साक्ष देणार होता.

"मग नाही म्हणून सांग."

"नाय म्हटलंय तर दुसरो कोण जातलो. वर माझीय वाट लागतली." चंदर उकिडवा बसला. "संपात माझो पोरगो तापान फणफणलो, तेव्हा त्याका खांद्यार घालून डॉक्टराकडे बळवंतच गेलो होतो. त्याच्यार हात कसो उचलू रे? तू सिनेमात मारतस तसो मार ना त्याका. भाईचो माणूस बघूक येतलो. त्याच्या डोळ्यांक दिसला म्हणजे झाला."

"सिनेमात चुकलं तर परत करता येतं, चंदर."

"माका एकदाच होया."

बळवंत आधी तयार होईना. मग म्हणाला, "चालेल. सोमवारपर्यंत मेलेला बरा."

जागा ठरली मुलुंडची बंद पडलेली दगडाची खाण. 'समेटाचं बोलू' म्हणून चंदरने बळवंतला तिथे बोलावलं, असं भाईला सांगायचं. चंदरच्या पिस्तुलात सिनेमातली खोटी काडतुसं. त्याने बार काढायचा, बळवंतने बटण दाबायचं.

शनिवारी दुपारी सहदेवने बळवंतच्या छातीवर स्वतः पिशव्या बांधल्या, वरून शर्ट घातला.

"पडताना हात टेकू नको. पडलास की पोट हलू देऊ नको."

"मरायला शिकवतोस होय रे?" बळवंत हसला. मुठीतलं बटण त्याने एकदा चाचपून पाहिलं.

सहदेव खडी फोडायच्या गंजलेल्या क्रशरमागे लपला. काही बिनसलंच तर म्हणून त्याने धुराचा डबा बरोबर घेतला होता. तीनच्या सुमारास फियाट आली. चंदर उतरला, आणि त्याच्यामागून भाईचा उजवा हात, श्यामकांत. चंदरने कमरेचं पिस्तूल काढलं, तसा श्यामकांत म्हणाला, "ते राहू दे. हे घे. भाईने खास पाठवलंय."

चंदर ते पिस्तूल हातात घेऊन नुसता उभा राहिला. यातली काडतुसं खरी असणार, हे क्रशरमागे सहदेवने ओळखलं. ओरडावं तर तिघंही जातील. वीस पावलांवर उभ्या बळवंतला अदलाबदल दिसलीच नव्हती.

"बघतोस काय? उरक ना!" श्यामकांत खेकसला.

चंदरने हात उचलला. पिस्तुलाचं तोंड शेवटच्या क्षणी जरासं डावीकडे गेलं. बार झाला, बळवंतच्या मागच्या कातळाची कपची उडाली, आणि त्याच क्षणी बळवंतने बटण दाबलं. शर्ट फाटला, रक्त उडालं. बळवंत तोंडावर पडला. हात टेकले नाहीत.

"चला," चंदर म्हणाला.

"थांब. डोक्यात एक घाल."

"मेलो तो. चल ना आता."

"सरक." श्यामकांतने स्वतःचं पिस्तूल काढलं आणि तो बळवंतकडे चालू लागला.

सहदेवने डब्याची वात पेटवली. पांढरा धूर भसाभसा खाणीत पसरला. "कोण आहे रे तिकडे?" असं श्यामकांत ओरडला, आणि पाठोपाठ दोन बार झाले.

धूर विरळ झाला तेव्हा चंदरची गोळी लागून श्यामकांत पालथा पडला होता, हलत नव्हता. चंदर दगडाला टेकून बसला होता, दोन्ही हातांनी पोट दाबून. सहदेव धावला. शर्ट काढून त्याने जखमेवर दाबून धरला, पण रक्त थांबेना. गरम होतं आणि त्याने आजवर कालवलेल्या कुठल्याही रक्तापेक्षा काळं. बळवंत लाल छाती घेऊन शेजारी गुडघ्यांवर बसला.

"तू जा," चंदर त्याला म्हणाला. "सोमवारी कोर्टात जा."

दोघांनी त्याला उचलून फियाटमध्ये घातलं. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तो गेला होता.

सोमवारी बळवंत कोर्टात उभा राहिला, एकही शब्द न गाळता बोलला. पुढे भाईला जन्मठेप झाली. खाणीतल्या दोन मृत्यूंची पोलिसांनी 'टोळीतलं भांडण' अशी नोंद केली. सहदेव खरं सांगायला चौकीत गेला होता. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे लिहिलं तर पहिला तू आत जाशील. घरी जा."

म्हणून तो चंदरच्या घरी गेला. चाळीतलं कुणीही खांदा द्यायला आलं नव्हतं. गुंड मेला, सुटलो, असंच सगळे म्हणत होते. चंदरची बायको सुगंधा भिंतीला पाठ लावून बसली होती. सहदेवने पहिल्यापासून सगळं सांगितलं. 

ऐकून झाल्यावर सुगंधा म्हणाली, "इतका सगळा करूक सुचला तुमका. भावजी, त्या सकाळी त्याका तुम्ही असा कित्याक नाय सांगलात, की बायकोपोरांक घे आणि गावाक पळ?"

 ते सहदेवला सुचलंच नव्हतं. चंदरलाही नव्हतं.