लेडीजकडची बॅटरी

हे मी सांगायचं नव्हतं. ताईबाईने मला हातात घेतलं त्याच दिवशी बजावलं होतं, "आठे जे दिसी, ते आठेच ऱ्हाऊ दे." इथलं इथेच ठेवायचं खरं, पण आज राहवत नाही.

मी बॅटरी बोलतेय. तीन सेलची, पत्र्याची, काचेला बारीक चीर गेलेली. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जळगावच्या एका दुकानात काचेच्या कपाटात दोन वर्षं उभी होते, एवढं आठवतं. तिथून मी अमळनेरच्या या टॉकीजमध्ये आले. लेडीज क्लासच्या दारावर ताईबाई बसते आणि तिच्या मांडीवर मी.

उशिरा आलेल्या बायकांना मी जागा दाखवते. नियम एकच, उजेड पायाशी धरायचा. त्यामुळे मी माणसं पायांवरून ओळखते. भेगाळलेल्या टाचांच्या बायका चपला काढून, अंग चोरून आत येतात. मखमली सपातांच्या बायका दुसऱ्यांच्या पायांवर पाय देत येतात आणि वर म्हणतात, "अगं, सरक ना!"

महिन्यापूर्वी इथे एक उर्दू सिनेमा लागला. नवाबाच्या घरची सून चोरून लिहायला-वाचायला शिकते. सासू तिची पुस्तकं चुलीत घालते. शेवटी सासूच आजारी पडते, आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायला तीच सून लागते. बोलणं निम्म्या बायकांना कळत नव्हतं. रडायचं कुठे, ते मात्र सगळ्यांना बरोबर कळायचं. पुस्तकं पेटली की पदर डोळ्यांना लागलेच! असलं स्वस्त रडणं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात कापडवाल्या हस्तीमल शेठच्या बायको प्रेमकुंवर आल्या. बरोबर त्यांची मुलगी मंजू होती, अकरावीतली, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गातली. "चल, सिनेमा दाखवते," एवढंच तिला सांगितलेलं. मागच्या रांगेत चाळीसगावच्या झुंबरबाई मुलासाठी मुलगी बघायला येऊन बसल्या होत्या. इकडे ही रीतच आहे. मध्यंतरात दिवे लागले की मुलगी बघून घ्यायची. मुलीला पत्ता नसतो. पसंत पडली नाही तर तिकिटापलीकडे कुणाचं काही जात नाही.

पण त्या दिवशी मध्यंतरातच वीज गेली. झुंबरबाई म्हणाल्या, "आता कशी बघायची? ए बाई, जरा बॅटरी मार हिच्या तोंडावर."

ताईबाई म्हणाली, "मन्ही बॅटरी पायसले शे, तोंडले नही."

प्रेमकुंवरनी मला तिच्या हातातून ओढून घेतलं आणि पोटच्या पोरीच्या तोंडावर धरलं. मंजूने डोळे मिटून घेतले.

"रंग बरा आहे. हस गं जरा, दात बघू दे. हात दाखव. हे बोटाला काय?"

"शाई," मंजू म्हणाली.

"अजून शाळेत पाठवता?"

"आता बंदच करणार," प्रेमकुंवर घाईघाईने म्हणाल्या. "मॅट्रिकला बसून काय करायचंय!"

बाजारात गाय घेणारा तरी आधी तिच्या पाठीवरून हात फिरवतो.

तेवढ्यात मंजूने मला आईकडून घेतलं आणि सरळ झुंबरबाईंच्या तोंडावर धरलं. त्यांच्या गालांवर पाणी अजून चकाकत होतं. मंजू हळूच म्हणाली, "काकीजी, मगाशी तुम्ही कशासाठी रडत होतात?"

चार रांगा हसल्या. झुंबरबाई "भारी तिखट पोरगी!" म्हणत उठल्या आणि पुढचा सिनेमा न बघताच गेल्या. सोयरीक मोडली. प्रेमकुंवरनी मंजूची शाळाच बंद केली. ताईबाई त्यांच्या शेजारच्याच गल्लीत राहते, तिने सांगितलं. मॅट्रिकच्या फॉर्मवर बापाची सही लागते, आणि हस्तीमल शेठ रोज म्हणतात, "उद्या बघू."

हे शेठ स्वतः हा सिनेमा तीनदा बघून गेले. दर वेळी नाक लाल करून बाहेर येतात आणि पानाच्या टपरीवर सांगतात, "बायकांनी शिकलंच पाहिजे. घरोघर शिकवलं पाहिजे!" घरोघर म्हणजे स्वतःचं घर सोडून.

आज सिनेमाचा शेवटचा दिवस. तीनचा खेळ आत्ताच सुटला. थंडीचे दिवस, सहालाच अंधार पडलाय. ताईबाईने मला स्टुलावर ठेवलंय. शेठ चौथ्यांदा डोळे पुसत जिन्याखाली उभे आहेत, भोवती चार व्यापारी. "काय ती सून! अशा पोरी घरोघर पाहिजेत," असं चाललंय.

आणि मंजू आली आहे. एकटीच. हातात घडी घातलेला कागद.

"बापूजी, मग इथे सही करा. उद्या शेवटची तारीख आहे."

व्यापाऱ्यांतल्या एकाने खिशातलं पेन काढून पुढे केलं. शेठ खोकले. "इथे? अंधारात काही दिसत नाही, बेटा. घरी बघू."

दिसत नाही! तीन तास पडद्यावरचं सगळं दिसलं, आणि हातभर अंतरावरची स्वतःची पोर यांना दिसत नाही. मला विचाराल तर या असल्या माणसांना मी…

"ताईबाई, तुमची बॅटरी द्या ना इकडे, बापूजींना दिसत नाहीये!"