सोबत कोण आहे?

ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे बिनचूकराव म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. पंपांच्या कारखान्यात सदतीस वर्षं त्यांनी हिशेब सांभाळले. शिपायापासून मॅनेजरपर्यंत कोणीही कागद घेऊन आलं की ते चष्मा कपाळावरून नाकावर ओढत आणि चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे त्यावर बोट ठेवत. कधी कोणावर ओरडले नाहीत, तसं कोणाचं कौतुकही केलं नाही. अशा माणसाला मान मिळतो, मित्र मिळत नाहीत. निरोप समारंभाला भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आठवड्याने एका जुन्या फायलीबद्दल सांगायला म्हणून त्यांनी ऑफिसात फोन केला, तर पलीकडून एका मुलीने विचारलं, "आपण कोण बोलताय?" त्यांनी नाव सांगितलं. ती म्हणाली, "कशासंदर्भात?" मग त्यांनीच फोन ठेवला.

घरी बोलायला कोणी नव्हतं. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा लांबच्या शहरात, दर रविवारी सकाळी फोन करायचा. "बाबा, बरे आहात ना?" "बरा आहे." "काही हवंय का?" "काही नको." एवढ्यावर रविवार संपायचा.

एके दिवशी ते गावातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात गेले आणि मुख्य सिस्टरसमोर उभे राहिले. सिस्टरला वाटलं, निवृत्त माणूस, हिशेबाचं काम मागायला आला असेल. "हिशेबाला माणसं आहेत आमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"हिशेबाचं नाही. ऑपरेशनला जी माणसं एकटी येतात, ती आपला चष्मा कोणाकडे देतात?"

सिस्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. "पाकिटात घालून कपाटात ठेवतो आम्ही. दुसऱ्या दिवशी वॉर्डात मिळतो."

"म्हणजे शुद्धीवर आल्यावर त्यांना काही दिसत नाही."

असं विचारण्यामागे कारण होतं. बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तो दिवस वर्षअखेरीचा होता. सकाळी तिला आत नेताना तिने चष्मा काढून त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो शर्टाच्या खिशात घातला आणि "चारपर्यंत येतो" म्हणून ऑफिसला गेले. इस्पितळात परत पोचले रात्री साडेआठला. ती दुपारपासून जागी होती. चष्म्याशिवाय तिला दोन हातांपलीकडचं माणूस ओळखू येत नसे. पांढऱ्या कपड्यातलं जे कोणी दाराशी येई त्याच्याकडे ती मान उचलून बघत होती, असं शेजारच्या बाईने सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, "आलात? जेवलात का?" पुढे तेवीस वर्षं तिने त्या दिवसाचा विषय काढला नाही, आणि त्यांनीही काढला नाही.

तर मंगळवारी आणि शुक्रवारी बिनचूकराव तिसऱ्या मजल्यावर, ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर बसू लागले. मांडीवर कापडी पिशवी. एकट्या आलेल्या माणसाचा चष्मा, कवळी, कानातलं यंत्र, किल्ल्या, मोबाईल, जे असेल ते त्यात. स्ट्रेचर बाहेर आलं की आधी चष्मा लावायचा, मग कानात यंत्र, मग सांगायचं, "झालं. सगळं नीट झालं." कोणी रडे, कोणी हात धरे, एका ट्रकड्रायव्हरने शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना त्यांचा चेहरा आठवत नसे. भूल उतरताना पाहिलेलं कोणाच्या लक्षात राहणार?

तिसऱ्या वर्षी एका मंगळवारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, जिभेला धार. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. फॉर्मवर 'सोबत कोण आहे?' या प्रश्नापुढे त्यांनी मुलाचं नाव लिहिलं होतं, पण मुलगा दिसत नव्हता.

"तो निघालाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला ताटकळता? उगाच कंबर धरेल."

"तो येईपर्यंत बसतो."

बाईंनी चष्मा दिला, कवळी डबीत घालून दिली. अंगठी मात्र बोटातून निघेना. साबण लावून सिस्टरने ती काढली तेव्हा बाई म्हणाल्या, "नवरा गेला तरी निघाली नव्हती मेली." अंगठी पिशवीत गेली आणि बाई आत गेल्या.

दोन तास झाले, तीन झाले. जिन्यावर पावलं वाजली की बिनचूकराव वर बघत. मुलगा आला नाही. बाईंचा मोबाईल पिशवीत एकदाही वाजला नाही. बिनचूकरावांनी स्वतःचा जेवणाचा डबाही उघडला नाही. नेमका तेव्हाच दरवाजा उघडला तर, असं वाटत राहिलं.

अडीचला स्ट्रेचर बाहेर आलं. बाईंचे डोळे अर्धवट मिटलेले. त्यांना समोर फक्त पुरुषाची आकृती दिसली असावी. कवळीविना तोंड बसलेलं, शब्द पुसट, पण कळण्याजोगे. "आलास का रे?"

उभ्या आयुष्यात या माणसाने चुकीचा आकडा लिहिला नव्हता. ते म्हणाले, "हो, आलो. थांबा, चष्मा लावतो तुम्हाला."

बाईंनी त्यांचं मनगट धरलं. वॉर्डापर्यंत सोडलं नाही.

शुक्रवारी ते वॉर्डात डोकावले तेव्हा बाई उशीला टेकून शेजारच्या पलंगावरच्या बाईला सांगत होत्या, "अहो, दिवसभर बाकावर बसून होता माझा मुलगा. पाणीसुद्धा प्यायला उठला नाही. संध्याकाळची पाळी होती म्हणून जावं लागलं बिचाऱ्याला." बिनचूकरावांना पाहून त्या जेमतेम हसल्या. "तुम्ही पण होतात वाटतं तेव्हा?"

"होतो थोडा वेळ," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी कूकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले. आपलं बसणं दुसऱ्याच्या नावावर गेलं याचं वाईट वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही. सांगायचं तर कोणाला? रविवारी मुलाचा फोन आला. "बरे आहात ना?" "बरा आहे."

दोन महिन्यांनी बाई तपासणीला आल्या. काठी टेकत तिसऱ्या मजल्यावर चढल्या, बाकावर त्यांच्या शेजारी धापा टाकत बसल्या.

"तपासणी खाली असते," बिनचूकराव म्हणाले.

"माहीत आहे मला. त्या दिवशी तुम्हीच होतात."

"तुम्हाला आठवतंय?"

"तोंड नाही आठवत. बोलणं आठवतं. अहो, मुलगा आईला 'थांबा' आणि 'तुम्हाला' कधीपासून म्हणायला लागला? माझा तर 'ए आई' म्हणून हाक मारतो. शुद्ध गेली होती, अक्कल नव्हती गेली."

बिनचूकरावांना हसू आलं. फार दिवसांनी आलं. "मग वॉर्डात तसं का सांगितलंत?"

बाई काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "शेजारणीकडे सकाळ-संध्याकाळ माणसांची रीघ. मी काय सांगणार होते? तुमचं नाव घेतलं असतं तर विचारलं असतं, हे तुमचे कोण? कोण म्हणून सांगायचं?"

दोघं मग अर्धा तास बसले. गुडघ्याच्या व्यायामाबद्दल बोलले, एकट्यासाठी स्वयंपाक करताना अंदाज कसा चुकतो त्यावर बोलले. बाई म्हणाल्या, एका माणसाची भाजी करायला जी शिकली ती खरी सुगरण. उठताना त्यांनी सांगितलं, "उजव्या गुडघ्याची तारीख मिळालीय. पुढच्या महिन्यात, मंगळवारच आहे."

त्या मंगळवारी बिनचूकराव नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आले. दाढी दोनदा केली होती. पिशवी धुऊन इस्त्री केली होती, आणि डब्यात भाजी मुद्दाम दोघांची होती, बाईंना संध्याकाळी चालली तर म्हणून.

बाकावर कोणीतरी आधीच बसलं होतं. चाळिशीचा माणूस, कामाच्या कपड्यांत, मांडीवर बाईंचा चष्मा आणि कवळीची डबी. बाईंना आत नेत होते. त्यांनी बिनचूकरावांकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, पण चाकं हलली आणि दरवाजा मिटला.

"तुम्ही कोणाबरोबर आलात?" मुलाने सरकून जागा देत विचारलं.

"कोणाबरोबर नाही," बिनचूकराव म्हणाले. "इथं बसतो मी."

मुलाने मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाला, "मागच्या वेळी मला जमलं नाही हो. रजाच देत नव्हते. आई म्हणाली, कोणीतरी होतं."

"असेल."

सिस्टर यादी घेऊन बाहेर आली. "काका, आज एकटं कोणी नाही. जा तुम्ही घरी, आराम करा."

ते गेले नाहीत. पावणेतीनला स्ट्रेचर बाहेर आलं. मुलगा धडपडत उठला, घाईत त्याने चष्मा वाकडा लावला, एक काडी कानाच्या खाली राहिली. बिनचूकरावांचा हात उचलला गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. बाई मुलाकडे बघत होत्या, आणि वाकड्या चष्म्यातून त्यांना पुरेसं दिसत असावं.

लिफ्टचं दार बंद झाल्यावर ते जिन्याने उतरले. बाहेर लख्ख ऊन होतं. बसस्टॉपच्या बाकावर बसून त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाजी खाल्ली. एक बस आली, गेली. शुक्रवारला अजून तीन दिवस होते.