बाबालालचा सा

मार्गशीर्षातली सकाळ. कृष्णेवर धुकं, दुधावरच्या सायीसारखं. हळूहळू सरकणारं, सरकता सरकता सोनेरी होणारं. उसाला तुरे आलेले; रुपेरी, वाऱ्याला भुललेले, उन्हात न्हालेले. आणि त्या उन्हात, अंगणातल्या बाजेवर, तातोबा वायदंडे क्लॅरोनेट घेऊन बसलेला. बँडमास्तर गडी. तीस वर्षं दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या दारात वाजवली. आता एकुलती लेक कौशी सासरी निघायची होती. तिच्या पाठवणीला तरी चाल स्वतःची हवी, हा त्याचा हट्ट.

चाल झाली बरं का. सा-वरून उठली, गंधारावर टेकली, पंचमावर हसली, धैवतावर जाऊन डोळे भरून आणले, आणि पायरी पायरीनं खाली उतरली. हळदओली, मायाओली. पण बायको ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, "चाल ग्वाड हाय. पर एकटीच निघाल्यागत वाटती."

लागलं ते मनाला. खरंच होतं.

त्यांच्या बँडात रीत अशी, की बारा तोंडं पितळेची आणि ओळ एकच. सगळ्यांनी चालच वाजवायची. चालीच्या खाली एकच सूर धरून उभं राहा म्हटलं, की माणसाचा मान गेला. तातोबानं रीत मोडली. जुना दोस्त बाबालाल मुल्ला, त्याच्या मोठ्या, खर्जात घुमणाऱ्या बाज्याला सा दिला. एका पुतण्याला गंधार, दुसऱ्याला पंचम. धरा म्हणाला, सोडू नका. तिघांनी एकदम फुंकलं, आणि उघड्या अंगणाला जशी ओसरी आली. रुंद, उबदार, केशरी. चाल त्या ओसरीवर पाय सोडून बसली.

पण धैवत आला, आणि भाकरीत खडा लागावा तसं झालं. चाल वर गेलेली, तिघं होते तिथंच. दोन दिवस तातोबा त्या खड्याभोवती फिरला. मग गवसलं. तिथं गंधारवाल्यानं मध्यमावर सरकायचं, पंचमवाल्यानं धैवतावर. सा दोन्हीकडं चालतो. सा हलायचा नाही.

बाबालाल फुगला. "पोरीला खांद्यावर खेळवली म्या, आन् मला एकच सूर? मग खांबच आणून उभा कर की."

"ही दोघं हलत्यात, बाबालाल. तूबी हललास, तर म्या उतरू कुठं?"

 बाबालालनं बाजा पुसायला घेतला.

पाठवणीची दुपार. गुलाल, झेंडू, हिरव्या चुड्याची किणकिण. चाल उठली, टेकली, हसली, धैवतावर चढली. आणि नेमकी तेव्हाच कौशी बापाच्या पायाशी वाकली. तातोबाचा हात क्लॅरोनेट सोडून तिच्या डोक्यावर गेला. क्लॅरोनेट मुकं झालं.

मास्तर थांबला की बँड थांबतो. तीस वर्षांची सवय. पुतण्यांचे सूर डळमळले, विझले. विझला नाही तो एकटा बाबालाल. गाल फुगलेले, डोळे लाल, मिशा घामानं भिजलेल्या. आणि सा असा रोवलेला, जणू जमिनीतूनच उगवलाय. त्याला धरून पुतणे परतले. तिघांची ओसरी पुन्हा उभी राहिली. वर चालीची जागा रिकामी, वाट बघणारी.

सासरच्या जीपमध्ये जाऊन बसलेली कौशी रडता रडता हसली. "चाचा, दम घ्या की जरा."

बाबालालनं मान हलवली. सूर नाही हलवला.

तातोबानं डोळे पुसले, क्लॅरोनेट ओठाला लावलं, आणि धैवतावरून उतरला; पंचम, मध्यम, गंधार, रिषभ, हळूहळू, हळूहळू, दोस्ताच्या सा-वर येऊन टेकला. जीप वळणाआड गेली. धूळ उठली, तांबूस झाली, खाली बसली. सा तेवढा उभा होता.